नववं कडवं

परवा संगमनेरला नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. कार्यालय नाशिक रस्त्यावरचं, नवं कोरं, पाय घसरेल अशा गुळगुळीत फरशीचं. अंतरपाट धरला आणि कोपऱ्यातल्या पेटीवाल्या बाईंनी माईक जवळ ओढून मंगलाष्टकं सुरू केली. आवाज गोड होता, नावं ठेवायला जागा नव्हती. पण बाईंच्या पुढ्यात जो कागद होता त्यात वधूच्या नावाची जागा मोकळी सोडलेली असावी, आणि जिचं लग्न तिचं नाव तिथे बसवायचं. कालच्या सीमाच्या जागी आज माधवी आली आणि ओळ जरा लंगडली. कुणालाच ते खुपलं नाही. मला खुपलं, आणि मी पदराआड हसले. शेजारी बसलेल्या सूनबाईंना वाटलं, म्हातारीला काहीतरी आठवलं. खरंच आठवलं होतं.

जेवणाला अवकाश होता म्हणून रिक्षा केली आणि नदीवर गेले. प्रवरेला पाणी बेताचंच. घाटाच्या पायऱ्या उन्हानं तापलेल्या, पण खालच्या दोन-तीन पायऱ्यांना अजून तोच वास होता. शेवाळाचा, ओल्या दगडाचा, कुणीतरी नुकतंच धोतर आपटून गेल्याचा. त्या वासानं मला सरळ उचललं आणि परकर-पोलक्यात नेऊन बसवलं. शेजारी आत्या. तिच्या कडेला सोवळ्याच्या पाण्याची घागर, आणि ती म्हणतेय, "अगं, एवढी धावत काय म्हणतेस? शार्दूलविक्रीडित आहे ते. बारा अक्षरं झाली की घागर टेकव, श्वास घे, मग उरलेली सात चढ."

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. अण्णा माझे वडील, मामलेदार कचेरीत कारकून. आत्या अगदी लहान वयात विधवेचं लाल आलवण नेसून माहेरी परत आली ती कायमची. त्याविषयी आमच्या घरात कुणी बोलत नसे, आणि आता बोलणारं कुणी उरलंही नाही. मला ती आठवते ती मागच्या पडवीत, भिंतीला टेकून, मांडीवर पाटी घेतलेली. लढाईचे दिवस होते. कागद कंट्रोलचा, रॉकेल कंट्रोलचं, साखर तर दिसेनाशीच झालेली. म्हणून आत्या सगळं काव्य पाटीवर करायची. ज्याला हवं त्यानं येऊन उतरून न्यायचं, की ओल्या फडक्यानं पाटी साफ. ओल्या पाटीचा तो वास मला अजूनही कवितेचा वास वाटतो. किती पुसलं गेलं त्या फडक्यानं, देवाला ठाऊक.

गावातल्या मंगल कार्यांचं निम्मं काव्य त्या पडवीत तयार व्हायचं. कुणाकडे बारसं असलं की पाळणा, कुणाला दिवस राहिले की डोहाळे, मुंजीला भिक्षावळीची पदं, नव्या नवरीला उखाणे. पाळणा आत्या लिही, पण बारशाला जात नसे. डोहाळे लिही, पण त्या ओटीभरणाच्या दिवशी मुद्दाम नदीवर जाऊन बसे. लोक मागच्या दारानं येत, मागच्या दारानं जात, आणि पुढच्या दारी ते कडवं मावशीचं, मामांचं, काकूंचं म्हणून म्हटलं जाई. त्या काळी ती रीतच होती. लग्नात आठ कडवी, आणि प्रत्येक कडवं घरातल्या कुणा ना कुणाच्या तोंडचं. गुलाबी कागदावर छापून घ्यायची, खाली ज्याचं त्याचं नाव. लिहिणारं माणूस वेगळं असतं हे सगळ्यांना माहीत असे, आणि कुणी विचारत नसे.

मी तिच्या हाताखाली कधी शिकायला लागले ते सांगता येणार नाही. पोहायला शिकलेल्या माणसाला पहिला दिवस आठवत नाही, तसंच ते. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की राखण करायला मला आणि तिला बसवत. डोक्यावर ओलं फडकं, हातात कावळे हाकायची काठी. त्या काठीनं ती जमिनीवर ठोके देई आणि श्लोक म्हणवून घेई. कुरडयांचा तो आंबूस वास, तापलेली गच्ची, आणि भुजंगप्रयाताचे ठोके. ते वृत्त मी पुढे कुठेही ऐकलं तरी जिभेवर कच्च्या चिकाची चव येते. श्रावणात पहाटे जात्याशी बसलं की ओवी. ओवी शिकवायची नसते, असं आत्याचं म्हणणं. जातं फिरतं तेवढी ओळ, आणि हात बदलायला थांबलो की ओळ संपली. थंडीत चुलीपुढे आर्या. वांगं भाजायला ठेवलेलं असे, वर काळं पडलं की फिरवायचं, आणि तेवढ्यात एक आर्या पुरी झाली पाहिजे. माझी आर्या व्हायच्या आधी वांगं जळायचं. आई ओरडायची, "वन्सं, पोरीला कविता येईल, पण भरीत कधी येणार?"

वृत्त मात्र सोपं. कठीण होतं ते दुसरंच.

"मामांचं कडवं कर," आत्या सांगायची. मी करून दाखवी. ती ऐके, आणि म्हणे, "हे मामांचं नाही, तुझंच आहे. मिशा लावल्यास एवढंच." मग ती मला मामांसारखं बसायला लावी. मामा मांडी घालताना आधी गुडघ्यावर हात ठेवत, खाकरत, मग बोलत. पहिला शब्द जड, आणि त्यानंतर सुटले की सुटलेच. "माणूस काय बोलतो ते सगळेच ऐकतात गं. तू तो कुठे थांबतो ते ऐक." आम्ही दोघी कितीतरी दुपारी अशी माणसं होऊन बसायचो. ती कधी शेजारच्या ठकूकाकू व्हायची, कधी मुलाकडचे तिरसट आजोबा. आई चहा घेऊन आली की तिला पडवीत नेमकं कोण बसलंय ते कळायचं नाही. आलवण नेसलेल्या, घराबाहेर जेमतेम पडणाऱ्या बाईच्या अंगात एवढी माणसं कुठून आली असतील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडतो.

सखूबाई आमच्याकडे दूध घालायची. नदीपलीकडच्या मळ्यातली, उंच, खणखणीत आवाजाची. एकदा चरवी खाली ठेवून ती पडवीच्या पायरीवर बसलीच.

"आत्याबाई, आमच्या गंगीचं लगीन ठरलंया. मला बी आईचं कडवं पायजे. तुमीच लिव्हा."

आत्यानं पाटी माझ्याकडे सरकवली. मी फुशारले. ठेवणीतले सगळे शब्द बाहेर काढले. कल्याणी काय, सुते काय, सौभाग्यकांक्षिणी काय. दुसऱ्या दिवशी चालीवर म्हणून दाखवलं. सखूबाईनं डोळे मिटून ऐकलं.

"लई ग्वाड हाय," ती म्हणाली. मग डोळे उघडले. "पर ह्यात मी कुटं हाय?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या गालातल्या गालात हसत होती. तिनं सखूबाईला विचारलं, "तुमची गंगी लहानपणी काय करायची हो?"

"काय करनार? म्हशीच्या पाठीवर निजायची. उतरीवली की भोकाड पसरायची."

ते कडव्यात आलं. शार्दूलविक्रीडितात म्हैस! अण्णांनी ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण मळ्यातल्या मांडवात ते म्हटलं गेलं तेव्हा गंगी अंतरपाटामागे रडता रडता खुदकन हसली म्हणे, आणि सखूबाईनं आठवडाभर आमच्या दुधात पाण्याचा थेंब घातला नाही. हे आत्याचं म्हणणं. ती अशी टवाळ होती.

आणखी एक आठवण आहे ती पोवाड्याची. प्रभातफेरीवाली मुलं चोरून मागच्या दारी आली होती. आत्यानं पाटी घेतली, कमरेवर एक हात ठेवला, मान ताठ केली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा शाहीर झाला. आठ दिवसांत तो पोवाडा बाजारपेठेत पोरासोरांच्या तोंडी झाला. फौजदार त्या शाहिराचा तपास करत फिरत होता. त्याच्या मते माणूस पन्नाशीचा, गलमिशांचा, परगावचा असावा. तो आमच्या आळीतून गेला तेव्हा आत्या अंगणात तांदूळ निवडत होती. अण्णांना कुठूनतरी कळलं. ते कचेरीतून पांढरेफटक होऊन आले, पडवीत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "ताई, माझी नोकरी आहे गं." आत्या "बरं" म्हणाली आणि तिनं पाटी पुसली.

अण्णा वाईट नव्हते. भित्रे होते. त्यांना फौजदाराची भीती, साहेबाची भीती, व्याह्यांची तर मुलगी जन्मल्यापासून भीती. ताईवर मात्र त्यांचा जीव होता. थंडीत तिची गोधडी उन्हात टाकायला आई विसरली तर ते स्वतः टाकत. पण बाहेरच्या माणसांपुढे त्यांचं तोंडच उघडत नसे.

अक्का माझ्याहून मोठी. माझा जन्म झाला तेव्हा आईजवळची जागा मी घेतली आणि अक्काची रवानगी आत्याच्या अंथरुणात झाली. ती तिथेच वाढली. तिची वेणी आत्या घालायची, तिला ताप आला की आत्या जागायची, तिची चिंध्यांची बाहुली आत्यानं शिवलेली, आणि ती बाहुली घेऊनच अक्का आत्याच्या कुशीत झोपायची. आई म्हणायची, "ही काय माझी मुलगी? ही वन्संची." म्हणताना तिला वाईट वाटत नसे. मला मात्र पुष्कळ दिवस त्या गोधडीचा हेवा वाटत होता.

अक्काचं लग्न नगरच्या मुलाशी ठरलं. घरात उडदाच्या पापडांचा, नव्या सुपांचा, भिजवलेल्या हळकुंडांचा वास भरून राहिला. दारात मांडव पडला. छापखान्यातून निरोप आला की कागदाची तंगी आहे, आठ कडव्यांच्या वर एक अक्षर बसणार नाही. अण्णांनी नावं सांगितली. आजोबा, आई-वडील, काका-काकू, मामा, मावशी, मैत्रिणी, आणि दोन वराकडची. आत्यानं सहा केली, मी दोन. मावशीचं माझं होतं. ते ऐकून मावशी म्हणाली, "अगंबाई, मी अगदी अश्शीच बोलते की!" त्या दिवशी मी जमिनीवरून चालत नव्हते.

हळदीच्या संध्याकाळी छापलेले कागद आले. ओल्या शाईचा वास अजून जायचा होता. अक्का हळद लागलेल्या हातांनी कागद बाजूला धरून वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

"सगळ्यांची आहेत," ती मला म्हणाली. "जिनं मला वाढवलं तिचं नाही."

मी तशीच अण्णांकडे गेले. ते मांडवात वाशाला दोरी बांधत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अगं, लग्नात कसं चालेल तिच्या नावाचं? व्याही काय म्हणतील? उद्या अक्काला तिथे नांदायचंय," असं म्हणाले आणि दोरीला आणखी एक गाठ मारली. तिथे तशी गाठीची गरज नव्हती.

मग आत्याकडे. ती कोठीच्या खोलीत लाडू मोजून परातीत रचत होती. लग्नाचे दोन दिवस ती त्याच खोलीत राहणार होती, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

"आत्या, तू तुझं कडवं का नाही केलंस?"

"माझं?" तिनं लाडू हातात तसाच धरला. "माझं मला येत नाही गं. कधी कुणी मागितलंच नाही ना."

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. मला मात्र रडू आलं. अक्काच्या लग्नात आत्याचं कडवं व्हायलाच पाहिजे, छापलेलं नसलं तर नसलं, आणि तिला येत नसेल तर मी करणार, असं मी ठरवून टाकलं. इतक्या लोकांच्या तोंडून बोलायला तिनं मला शिकवलं होतं. तिच्याच तोंडून बोलणं कितीसं अवघड?

मी पाटी घेऊन मांडवाच्या मागे बसले. आत्या म्हणजे आलवण, आत्या म्हणजे दुःख, आत्या म्हणजे मागची पडवी, असं मी मनाशी धरलं. मग वृत्त कुठलं? दुःखाचं वृत्त वियोगिनी. भराभर ओळी आल्या. आल्या म्हणजे काय, धो धो आल्या. मी पाटी नेऊन तिच्यापुढे धरली आणि मुद्दाम खालच्या आवाजात म्हटलं:

मज एकलिला तुझ्याविना
गमते हे घर ओस ओस गे

आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "ही कोण गं बाई?" तिनं विचारलं.

"तू."

"मी?" ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, परात हलली, एक लाडू घरंगळत तांदळाच्या कणगीखाली गेला. "अगं, वियोगिनी! लग्नात! तो नवरामुलगा पळून जाईल की! आणि एकली म्हणे. या घरात एकटं बसायला एक कोपरा तरी आहे का मला? तू नाहीतर ती अक्का, कुणीतरी असतंच डोक्यावर." मग हसू ओसरल्यावर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सखूबाईनं विचारलं होतं ना तुला? तेच मी विचारते. ह्यात मी कुठे आहे?"

आणि तिनं स्वतःच फडकं घेऊन पाटी पुसली. माझा चेहरा पाहून माझ्या तोंडात लाडवाचा तुकडा कोंबला. "जाऊ दे. आठ आहेत, पुष्कळ झाली."

मी नदीवर आले. याच पायऱ्यांवर. तिन्हीसांजा होत होत्या, पलीकडच्या तीराला गुरं परतत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा पाण्यावरून येत होत्या. मी खूप वेळ बसले. आजवर आत्याकडे पाहताना मी तिचं आलवणच पाहत आले होते, हे मला तिथे कळलं. त्याच्या आत जी टवाळ, खळाळून हसणारी बाई होती, रोज माझ्यासमोर बसलेली, तिच्या तोंडचं मी काही लिहिलंच नव्हतं. मग मला गोधडी आठवली. बाहुली आठवली. दोन ओळी आल्या, संथ, घागर टेकवत टेकवत. शेवटची ओळही आली, ती कुणालाही येते. तिसरी येईना. तिसऱ्या ओळीत आत्यानं स्वतः बोलायला हवं होतं, आणि ती काय बोलेल ते मला ऐकूच येईना. अंधार पडला तशी आई शोधत आली आणि माझा कान धरून मला घरी घेऊन गेली.

लग्नाचा मुहूर्त सकाळचा होता. मांडवात सनई, ओल्या आंब्याच्या पानांचा वास, कुंकवानं लाल झालेल्या अक्षता. मी करवली, अक्काच्या मागे, हातात कलश. गुरुजींच्या शेजारी पाण्यानं भरलेलं घंगाळ, आणि त्यात तरंगणारी तांब्याची घटिका; म्हणजे तळाला बारीक भोक असलेली छोटी वाटी. ती भरून बुडाली की मुहूर्ताची वेळ झाली. अंतरपाट धरला गेला. कडवी सुरू झाली. आजोबांचं झालं, मामांचं झालं, मावशीनं माझं कडवं तिच्या भसाड्या आवाजात म्हटलं. आठवं संपलं, अक्षता पडल्या, आणि गुरुजींनी घंगाळात डोकावून पाहिलं. वाटी अजून तरंगत होती.

"थोडा अवकाश आहे," ते म्हणाले. "आहे का आणखी कुणाचं?"

अशा वेळी कुणीतरी एखादं जुनं कडवं म्हणून वेळ निभावून न्यायचं, अशी पद्धत. काका घसा साफ करत होते. त्यांच्या आधी मी सुरू केलं. कलश छातीशी घट्ट धरला.

माझ्या गोधडिच्या उबेत निजली जी बाहुली घेउनी
ती आता निघते दुज्या घरि सुखे शालू नवा नेसुनी

अण्णांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. कुणाचं कडवं ते त्यांना पहिल्या दोन शब्दांतच समजलं होतं. अक्काची मान खाली होती, ती आणखी खाली गेली, आणि तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडतेय. मला वाटलं होतं, म्हणता म्हणता तिसरी ओळ येईल. आत्या नेहमी तसं सांगायची. ती आली नाही. मी थांबले. सगळा मांडव थांबला. अक्षता मुठीत धरलेले हात वर तसेच राहिले. घंगाळातल्या वाटीत पाणी चढत होतं. मी आईचा चेहरा शोधू लागले.

तेवढ्यात कोठीच्या अर्धवट लोटलेल्या दाराआडून ओळ आली.

दारामागुन मी तुला बघतसे, हासून पाहा जरा

आवाज मोठा नव्हता. पण घासून लखलखीत केलेला, चालीत चोख, बारा अक्षरांवर टेकून मग सात पायऱ्या चढलेला. तो मामांचा नव्हता, मावशीचा नव्हता, शाहिराचा नव्हता. इतकी वर्षं तिच्याजवळ बसून मी तो ऐकला नव्हता. अक्कानं मान वर केली. आई कुजबुजली, "मान वळवू नको गं." पण अक्कानं वळवली. कोठीकडे पाहिलं, आणि तिच्या ओल्या चेहऱ्यावर हसू आलं. चौथी ओळ मी म्हटली:

दोन्ही ही घरटी सुखात असु दे कुर्यात् सदा मंगलम्

पण ती कुणाला ऐकू आली असेल असं वाटत नाही. मांडवाच्या कडेला सखूबाई उभी होती. तिनं नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात "सावधाऽऽन" म्हटलं आणि पहिली मूठ उधळली. अक्षता एकदा सुटल्या की सुटतात, त्यांना कोण थांबवणार? सगळ्या मांडवानं उधळल्या. वाटी बुडाली. गुरुजींनी अंतरपाट ओढला, वाजंत्री वाजायला लागली, आणि घातलेल्या माळा पाहायला लोकांची एकच झुंबड उडाली.

परवा घाटावर बसले तेव्हा हे सगळं असं आलं, मागचं पुढे, पुढचं मागे. आत्या जाऊन किती वर्षं झाली. तिच्या पाठोपाठ ती पडवी गेली, तो छापखाना गेला, घाटावरून पाणी वाहायचे दिवसही गेले. अक्का नगरला नांदली, सुखात नांदली. मी पुढे पुष्कळ लिहिलं, नाना तऱ्हेच्या माणसांच्या तोंडून लिहिलं, त्यातलं थोडं लोकांना आवडलं. पण लिहायला बसले की आधी ती हाक येते, ह्यात मी कुठे आहे, आणि त्या हाकेला माझ्याकडे दर वेळी उत्तर असतंच असं नाही. रिक्षावाला वरून हॉर्न वाजवत होता. मी उठले नाही. कारण त्या दिवसाचा शेवट अजून यायचा होता.

माळा पडल्या, आणि लगेच पंगतीची घाई सुरू झाली. व्याही मंडळी पानांवर बसली होती, लाडू वाढायचे राहिले होते. आई म्हणाली, कोठीतनं परात आण. मी दाराशी गेले तर माझ्या आधी अण्णा तिथे उभे होते. डोक्यावरचं पागोटं जरा कलंडलेलं, हात रिकामे. आता ते आत्याला काय बोलतात या धास्तीनं मी चौकटीलाच थबकले. आत्याही थबकली होती. तिनं परात त्यांच्यापुढे केली.

अण्णांनी परात घेतली नाही. ते खाली बघत होते, लहान मुलासारखे.

"ताई," ते म्हणाले, "मांडवात मला नीट ऐकू आली नाही गं. ती ओळ पुन्हा एकदा म्हण ना."

"आता?" आत्या म्हणाली. "अरे, व्याही पानावर बसलेत. पंगत खोळंबलीय."

बाहेरून दोनदा हाक आली, लाडू कुठे आहेत म्हणून. अण्णांनी मागे हात नेऊन कोठीचं दार सताड उघडलं आणि ते उंबऱ्यावर टेकून बसले.

"खोळंबू दे," अण्णा म्हणाले.